दहा एसएमएसमध्ये मावणारा विषाणू

गेले तीन विकांत एकाच आजाराच्या मागे लागलो होतो. खरं तर वाचायला बसलो होतो एचआयव्हीच्या औषधांच्या किमतींबद्दल, आणि एका तळटीपेतून घसरत घसरत भलतीकडेच पोचलो. आजाराचं नाव आहे प्रोग्रेसिव्ह मल्टिफोकल ल्युकोएन्सेफॅलोपथी. एका दमात म्हणून दाखवा :) डॉक्टर मंडळी त्याला पीएमएल म्हणतात, आपणही तेच म्हणू.

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. तेव्हा हा लेख इतिहास म्हणून वाचा, औषधपाण्याचा सल्ला म्हणून नको.

नावाची फोड केली की अर्धा आजार कळतो. प्रोग्रेसिव्ह म्हणजे वाढत जाणारा. मल्टिफोकल म्हणजे एकाच वेळी अनेक ठिकाणी. ल्युको म्हणजे पांढरा, आणि उरलेल्या लांबलचक शब्दाचा अर्थ मेंदूचा विकार. मेंदूतल्या वायरींवर मायलिन नावाचं पांढरं वेष्टण असतं, आपल्या घरातल्या वायरीवर प्लॅस्टिक असतं तसं. हे वेष्टण तयार करतात आणि सांभाळतात त्या पेशींना ओलिगोडेंड्रोसाइट म्हणतात. एकेक पेशी अनेक वायरींना वेष्टण पुरवते, त्यामुळे एक मेली की बऱ्याच वायरी उघड्या पडतात. पीएमएलमध्ये नेमक्या याच पेशी मरतात. ताप नाही, मान आखडणं नाही. काही आठवड्यांत एक हात लुळा पडतो, किंवा नजरेचा अर्धा भाग जातो, किंवा बोलताना शब्द सापडेनासे होतात. कुठली वायर उघडी पडली त्यावर सगळं अवलंबून.

आता गोष्ट सुरू करू. साल १९५८. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या ऑस्ट्रॉम, मॅन्कॉल आणि रिचर्डसन या तिघांनी 'ब्रेन' नावाच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. तीन रुग्ण. दोघांना रक्ताचा एक हळू वाढणारा कर्करोग, तिसऱ्याला हॉजकिनचा आजार. तिघांच्याही मेंदूत पांढऱ्या भागाला जागोजागी भोकं पडल्यासारखं झालेलं, आणि भोकांच्या कडेच्या पेशींची केंद्रकं सुजून भलतीच मोठी झालेली. कर्करोग मेंदूत पसरला असावा ही पहिली शंका, पण मेंदूत कर्करोगाच्या पेशीच नव्हत्या. मग या तिघांनी जे दिसलं तेवढंच लिहिलं, आणि जे दिसलं त्याचंच नाव आजाराला दिलं. कारण माहीत नसताना वर्णनावरून नाव ठेवणं मला फार प्रामाणिक वाटतं. आमच्या धंद्यात कारण कळायच्या आत बगला जे नाव पडतं ते नव्वद टक्के वेळा चुकीचं असतं आणि तेच पुढे चिकटून बसतं.

(त्याआधीही असे मेंदू कोणी पाहिले नव्हते असं नाही. १९३० मध्ये हालरफोर्डन या जर्मन शास्त्रज्ञाने कुठल्याच खणात न बसणारे काही रुग्ण नोंदवले होते, ते बहुधा पीएमएलचेच असं पुढे मानलं गेलं. हाच माणूस नंतर नाझींनी मारलेल्या रुग्णांचे मेंदू अभ्यासाला घेत होता. वैद्यकाच्या इतिहासात हिंडताना अशी माणसं मधेच भेटतात आणि तोंड कडू होतं. असो.)

सुजलेली केंद्रकं पाहून हा विषाणूचा उद्योग असावा असा संशय लवकरच आला. १९६१ मध्ये रिचर्डसनने तसं लिहिलंही. पण पुरावा हवा होता. तो मिळाला १९६५ मध्ये, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात. गॅब्रिएल झुऱ्हाइन या मूळच्या जर्मन बाई तिथे मेंदूच्या विकृतिशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी आणि सॅम चौ यांनी पीएमएलने गेलेल्या रुग्णाच्या मेंदूचा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घातला. सुजलेल्या केंद्रकांमध्ये गोल गोल कण ठासून भरलेले होते, काही ठिकाणी तर बाजारात संत्री रचून ठेवतात तसे ओळीने.

हे कण दिसायला पॉलिओमा गटातल्या विषाणूंसारखे होते. हा गट तोवर उंदीर-माकडांचा म्हणून माहीत होता, प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये गाठी करणारा. माणसाच्या मेंदूत त्याचं काय काम? आणि दिसला म्हणजे आजार त्यानेच केला असंही नाही. गुन्ह्याच्या जागी सापडलेला प्रत्येक माणूस गुन्हेगार नसतो. त्यामुळे पुढची पायरी होती विषाणू जिवंत वाढवून दाखवायची, आणि तिथे सहा वर्षं गेली. नेहमीच्या कुठल्याच पेशींमध्ये तो वाढेना. शेवटी त्याच विद्यापीठातल्या बिली पॅजेट आणि डुअर्ड वॉकर यांनी मानवी गर्भाच्या मेंदूतल्या पेशी वाढवल्या, त्यात रुग्णाच्या मेंदूचा अर्क घातला आणि वाट पाहत बसले. तिथे तो हळूहळू वाढला. १९७१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं.

ज्या रुग्णाच्या मेंदूतून विषाणू मिळाला त्याला हॉजकिनचा आजार होता. त्याच्या नावाची आद्याक्षरं जे आणि सी. म्हणून विषाणूचं नाव जेसी. योगायोग असा की 'लॅन्सेट'च्या त्याच अंकात मूत्रपिंड बदललेल्या एका रुग्णाच्या लघवीत सापडलेल्या भावंड-विषाणूचीही बातमी होती, त्याचं नाव त्या रुग्णावरून बीके. आज कोणी रुग्णाची आद्याक्षरं अशी वापरणार नाही. पण मला त्यात थोडं बरंही वाटतं. एरवी विषाणूला नाव मिळतं शोधणाऱ्याचं नाहीतर गावाचं. इथे ज्याचा जीव गेला त्याची निदान दोन अक्षरं उरली.

विषाणू हातात आला, मग त्याच्यासाठी रक्ततपासणी करणं शक्य झालं. विस्कॉन्सिनवाल्यांनी धडधाकट लोकांचं रक्त तपासलं आणि निकाल चक्रावून टाकणारा निघाला. इतका दुर्मिळ आजार करणारा हा विषाणू बहुसंख्य लोकांना लहानपणीच भेटून गेलेला असतो! नंतरच्या पाहण्यांतून हा आकडा साधारण ५० ते ८० टक्के प्रौढांपर्यंत जातो. म्हणजे हा लेख वाचणाऱ्या दहा जणांपैकी पाच ते आठ जणांत. तो येतो तेव्हा कळतही नाही. मग मूत्रपिंडात घर करून राहतो, अधूनमधून लघवीवाटे बाहेर पडतो, आणि माणूस ऐंशी वर्षं जगून दुसऱ्याच कशाने तरी जातो.

आता शीर्षकाकडे येतो. जेसी विषाणूचा डीएनए म्हणजे एक बंद वर्तुळ, साधारण ५,१३० अक्षरांचं. डीएनएच्या अक्षरांचे प्रकार चारच, म्हणजे एका अक्षराला दोन बिट पुरतात. ५,१३० गुणिले २ भागिले ८, झाले जेमतेम १,२८३ बाइट. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. नऊ एसएमएस थोडे कमी पडतील, दहा पाठवले की अख्खा विषाणू गेला. १९८४ मध्ये त्याचा पूर्ण क्रम वाचून झाला, त्यात जीन आहेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. माझ्या कॉलेजच्या पहिल्या 'हॅलो वर्ल्ड'ची फाइलसुद्धा कंपाइल केल्यावर याच्यापेक्षा मोठी होती.

आणि या एवढ्याशा प्रोग्रॅममध्ये एक फार मजेदार गोष्ट आहे. त्यातला एक लहानसा भाग जीनचा नाही, नियंत्रणाचा आहे. कुठल्या पेशीत किती जोरात वाढायचं ते तो ठरवतो. लघवीत सापडणाऱ्या विषाणूत हा भाग सरळ, सलग असतो. पीएमएलच्या रुग्णाच्या मेंदूत सापडणाऱ्या विषाणूत मात्र त्यातले काही तुकडे गळालेले आणि काही दोनदा आलेले असतात. प्रोग्रॅम तोच, कॉन्फिग फाइल बदललेली. हा बदल त्याच माणसाच्या शरीरात घडतो असं मानतात. पण बदललेला विषाणूसुद्धा एकटा काही करू शकत नाही, कारण राखणदार जागा असतो.

(आणखी एक अवांतर. हा विषाणू मुख्यतः घरातल्या घरात पसरतो आणि जगाच्या वेगवेगळ्या भागांत त्याचे वेगवेगळे प्रकार आहेत. त्यामुळे माणसांची जुनी स्थलांतरं शोधायलाही काही जणांनी तो वापरला. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या लघवीत आशियाई प्रकार सापडल्याचं छापून आलं. हजारो वर्षांपूर्वी आशियातून चालत गेलेल्या लोकांनी हे बिऱ्हाडही सोबत नेलं होतं.)

तर १९८० पर्यंत पीएमएल म्हणजे पाठ्यपुस्तकातला अर्धा परिच्छेद. १९८४ मध्ये ब्रुक्स आणि वॉकर यांनी तोवरच्या सगळ्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा भरले २३० रुग्ण. पाव शतकात, अख्ख्या जगातून! त्यातले बहुतेक रक्ताच्या कर्करोगाचे, काही अवयव बदललेले, काही क्षयाचे वगैरे. अनेक मेंदूतज्ज्ञांनी निवृत्त होईपर्यंत एकही पाहिला नसणार.

जून १९८१ मध्ये अमेरिकेत एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद छापून आली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९८२ मध्ये, तशाच एका तरुणाला पीएमएल झाल्याचं 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये छापून आलं. हे कशाने होतंय ते तोवर कोणालाच माहीत नव्हतं, एचआयव्ही हे नावही जन्मलं नव्हतं. मग एकामागून एक रुग्ण येत गेले. उपचार नसण्याच्या त्या काळात एड्सच्या शंभरांतल्या एक ते पाच जणांना पीएमएल होत असे. अर्ध्या परिच्छेदाचा आजार एकाएकी वॉर्डात रोजचा झाला. आणि हे रुग्ण म्हातारे नव्हते. विशी-तिशी-चाळिशीतली माणसं, माझ्या आणि तुमच्या वयाची. कालपर्यंत सही करणारा हात आज चमचा धरू शकत नाही, आणि डोकं मात्र बऱ्याचदा एवढं शाबूत की काय चाललंय ते कळतंय. निदान झाल्यावर साधारण सहा महिने, बहुतेकांना त्याहूनही कमी. वर्षभर जगणारे दहांत एक.

एड्समध्येच एवढा का? याचं सरळ उत्तर राखणदाराचं. एचआयव्ही ज्या पांढऱ्या पेशी मारतो, त्या सीडी४ पेशी या विषाणूवर पाळत ठेवणाऱ्या फौजेच्या हवालदार असतात. हवालदार गेले की शिपाई दिशाहीन. पण कर्करोगाच्या रुग्णांचीही प्रतिकारशक्ती खालावते, त्यांना इतक्या प्रमाणात होत नाही. १९९० मध्ये प्रयोगशाळेत असं दिसलं की एचआयव्हीचं टॅट नावाचं प्रथिन जेसी विषाणूच्या नियंत्रण-भागाला थेट चालना देतं. म्हणजे एक चोर पहारेकऱ्याला मारतो तर मारतो, वर दुसऱ्या चोराला हाक मारून कुलूपही उघडून देतो.

उपचारांचा इतिहास मात्र वाचवत नाही. सायटॅराबिन नावाचं कर्करोगाचं औषध परीक्षानळीत या विषाणूला रोखत होतं, त्यामुळे डॉक्टर ते वर्षानुवर्षं आशेने देत होते. एका रुग्णाला बरं वाटल्याचा लेख, दुसऱ्याला वाटल्याचा लेख, असं करत त्याचं नाव झालं. शेवटी नीट चाचणी झाली, १९९८ मध्ये निकाल छापला. एचआयव्ही आणि पीएमएल असलेले ५७ रुग्ण, तीन गट: नुसती एचआयव्हीची त्या वेळची औषधं, सोबत शिरेतून सायटॅराबिन, सोबत पाठीच्या मणक्यातून सायटॅराबिन. कोणत्याच गटाला काडीचा फायदा झाला नाही, तिन्ही गटांत माणसं काही आठवड्यांतच गेली. तिसऱ्या गटातल्यांनी तर मरणाच्या दारात मणक्यात सुया टोचून घेतल्या होत्या. पण त्यांनी टोचून घेतल्या म्हणूनच पुढच्या माणसांच्या सुया वाचल्या. नंतर सिडोफोव्हिर झालं, मलेरियाचं मेफ्लोक्विन झालं. विषाणू पेशीत शिरायला सेरोटोनिनचं एक दार वापरतो असं २००४ मध्ये कळल्यावर नैराश्यावरची गोळीही देऊन पाहिली गेली. जेसीवर नेमकं चालणारं औषध आजही नाही.

आणि तरीही १९९६ नंतर माणसं जगायला लागली! कारण त्या वर्षी तीन औषधं एकत्र देण्याचा एचआयव्हीवरचा उपचार रुळला. जेसीला कोणी हातही लावला नव्हता. नुसते हवालदार परत कामावर आले, त्यांनी बाकीचं पाहिलं. वर्षभर जगणारे दहांत एक होते, ते जवळपास निम्मे झाले. मेंदूचा आजार, आणि मेंदूसाठी बनवलेलं एकही औषध कामाला आलं नाही. आलं ते भलत्याच विषाणूवरचं. मला हा या सगळ्या गोष्टीतला सर्वांत मोठा धक्का वाटतो.

अर्थात फुकट काहीच मिळत नाही. काही रुग्ण औषध सुरू झाल्यावर, रक्ताचे आकडे सुधारत असताना, जास्तच बिघडू लागले. परतलेली फौज मेंदूत घुसून अशी काही धुमश्चक्री करते की सुजेनेच माणूस जायची वेळ येते. औषध थांबवावं तर विषाणू खातो, चालू ठेवावं तर सूज. तेव्हा काही वेळा स्टेरॉइड देऊन त्याच फौजेला पुन्हा जरा दाबावं लागतं. हा तोल रुग्णाच्या खाटेजवळ बसून कसा साधत असतील कोण जाणे.

आता आपल्याकडे. भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये, चेन्नईत. मुंबई आणि महाराष्ट्राला त्याची झळ फार लवकर आणि फार जोरात लागली. पण भारतात पीएमएलचे रुग्ण त्या मानाने कमीच नोंदले गेले. बंगळुरूच्या निम्हान्समधल्या शंकर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हा प्रश्न उघड विचारला, भारतात आणि आफ्रिकेत हा आजार कमी का? विषाणूचा आपल्याकडचा प्रकार सौम्य असेल का? असेलही. पण माझ्या अडाणी मनाला दुसरं एक उत्तर छळतं. पीएमएल होतो तो प्रतिकारशक्ती पार तळाला गेल्यावर, आणि आपल्याकडे तळाला पोचायच्या आधी क्षयच माणसाला घेऊन जायचा. जो पोचायचा त्याचं एमआरआय आणि पाठीतल्या पाण्याची पीसीआर तपासणी कोण करणार होतं? मोजायला पट्टीच नसेल तर उंची कमीच भरते. निम्हान्सच्या मंडळींनीही लवकर येणारे मृत्यू आणि न होणाऱ्या तपासण्या विचारात घेतल्या होत्याच. दोन्ही उत्तरं थोडीथोडी खरी असू शकतात.

आणि औषधं? फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने, युसूफ हमीद यांनी, ती तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. तोवर अमेरिकेत हाच खर्च वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर होता. जगभर खळबळ झाली, आफ्रिकेत लाखो जीव वाचायची वाट मोकळी झाली. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण दिवसाला एक डॉलरसुद्धा परवडत नाही अशी माणसं याच मुंबईत होती. सरकारी रुग्णालयांतून मोफत औषधं सुरू झाली १ एप्रिल २००४ ला, देशभरातल्या पहिल्या आठ केंद्रांपैकी एक आपलं जे. जे. रुग्णालय. १९९६ ते २००४ ही आठ वर्षं. गोळी कुठली आणि कशी हे माहीत होतं, पुढे पुढे तर ती इथेच बनत होती. त्या आठ वर्षांत इथे किती जणांना पीएमएल झाला ते कुठल्याच वहीत सापडणार नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण २००४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरॉसिस या आजारावर नॅटालिझुमॅब हे नवं औषध मंजूर झालं. या आजारात शरीराची फौजच मायलिनवर हल्ला करते. औषधाची कल्पना सुरेख होती: फौजेला मेंदूत शिरूच द्यायचं नाही, दारावर अडवायचं. दोन वर्षांच्या चाचण्यांचा पहिल्या वर्षाचा निकाल इतका चांगला होता की तेवढ्यावरच मंजुरी मिळाली. तीन महिन्यांत, २८ फेब्रुवारी २००५ ला, ते बाजारातून मागे घेतलं गेलं. चाचणीतल्या दोघांना पीएमएल झाला होता, त्यातला एक जण दगावला होता.

ही बातमी पसरल्यावर बेल्जियममधल्या डॉक्टरांना आपला एक जुना रुग्ण आठवला. आतड्याच्या क्रोन आजारासाठी त्याला हेच औषध चाचणीत दिलं होतं, आणि तो २००३ मध्ये मेंदूतल्या गाठीने गेला अशी नोंद होती. त्यांनी जपून ठेवलेला मेंदूचा तुकडा पुन्हा काढून पाहिला. गाठ नव्हतीच, पीएमएल होता. जपलेल्या रक्तातही लक्षणं दिसायच्या दोन महिने आधीपासून जेसीचा डीएनए होता. बंद झालेलं तिकीट पुन्हा उघडायला मोठं मन लागतं हो. आपल्याच निदानावर फुली मारून त्यांनी ते जगासमोर छापलं.

मला यात आमच्या कामातलं एक जुनं दुःख दिसतं. वर्षानुवर्षं चाललेल्या कोडमध्ये कुठेतरी एक फालतू दिसणारा चेक असतो. नवा माणूस येतो, हा कशाला ठेवलाय म्हणतो, काढतो. सिस्टिम आधीपेक्षा जोरात पळते. आणि तीन महिन्यांनी रात्री तीन वाजता फोन येतो. मेंदूत सतत गस्त घालणारे शिपाई नेमके कोणाला अडवत होते, ते गस्त बंद केल्यावर कळलं.

पण रुग्णांनीच आग्रह धरला. मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या अनेकांना या औषधाने पुन्हा चालता येऊ लागलं होतं, आणि हजारात एक एवढी जोखीम पत्करायला आम्ही तयार आहोत, असं त्यांनी सुनावणीत सांगितलं. जून २००६ मध्ये औषध कडक अटींवर परत आलं. रक्तात जेसीच्या खुणा आहेत का ते आता आधी तपासतात. त्यानंतरही जगभरात शेकडो जणांना पीएमएल झालाच, पण कोणाला जास्त धोका आहे हे बरंच आधी सांगता येऊ लागलं.

शेवटची ताजी भर. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पेम्ब्रोलिझुमॅब हे कर्करोगाचं औषध, जे दमलेल्या शिपायांचा ब्रेक काढतं, पीएमएलच्या आठ रुग्णांना दिलं. पाच जण सुधारले किंवा निदान आहे तिथे थांबले. त्याआधी २०१८ मध्ये ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी बीके विषाणूशी लढायला तयार केलेल्या, दुसऱ्याच्या शरीरातल्या पेशी पीएमएलच्या तीन रुग्णांना दिल्या होत्या, त्यातल्या एकाला एचआयव्ही होता. भावंडं इतकी सारखी की एकाला ओळखणारा शिपाई दुसऱ्यालाही ओळखतो. दोघांच्या पाठीतल्या पाण्यातून जेसी पूर्ण नाहीसा झाला. तीन आणि आठ हे आकडे लहान आहेत, आणि सायटॅराबिनची गोष्ट वाचल्यावर मी तरी लगेच टाळ्या वाजवणार नाही.

एचआयव्हीच्या रुग्णाला मात्र आजही उपाय तोच, एचआयव्हीची औषधं लवकरात लवकर सुरू करणं. आपल्याकडे २०१७ पासून सीडी४ चा आकडा कितीही असला तरी ती मोफत मिळतात. हल्ली पीएमएल होतो तो बहुतेक अशांना, ज्यांनी औषधं मधेच सोडली किंवा आपल्याला एचआयव्ही आहे हेच ज्यांना माहीत नव्हतं, आणि हात लुळा पडला तेव्हा ते कळलं.

बीकेची गोष्ट पुन्हा कधीतरी. तीही काही कमी नाही.